फूत्कारमाहात्म्य

ऐश्वर्याने मौन पाळावे, असा एक संकेत पूर्वी मोटारींच्या जगात होता. ज्या सातव्या निजामाचे, म्हणजे मीर उस्मान अली खान यांचे, नाव आमच्या जिल्ह्याने २०२३ सालापर्यंत वागवले आणि त्यानंतर सरकारी अधिसूचनेन्वये उतरवून ठेवून धाराशिव हे जुने नाव पुन्हा धारण केले, त्यांच्या हैदराबादच्या मोटारखान्यात १९१२ सालची एक रोल्स-रॉइस गाडी होती. ती मागवली होती सहाव्या निजामांनी. परंतु गाडी येऊन दाखल होण्यापूर्वी तेच पैगंबरवासी झाले आणि सिंहासनाबरोबर ही गाडीही चिरंजीवांच्या वाट्यास आली. ती इतकी निःशब्द चाले की तिच्या जातीस ‘सिल्व्हर घोस्ट’ असे भुताचेच नाव पडले होते. आणि तिच्या मालकाची श्रीमंती अशी की त्याने ती फारशी चालवलीही नाही. ज्याच्यापाशी खरोखर पुष्कळ असते त्याला ते वाजवून दाखवावे लागत नाही, हा त्या काळाचा दंडक होता आणि अव्वल तालुकदारापासून गावच्या पाटलापर्यंत तो सर्वांस मान्य होता.

तो दंडक आता मोडीत निघाला आहे. आज एमएच २५ या क्रमांकाची, जिच्या हप्त्यांपैकी निम्म्याहून अधिक हप्ते अद्याप बँकेच्या खतावणीत मालकाची वाट पाहत आहेत अशी एखादी स्कॉर्पिओ सायंकाळी धाराशिवच्या बसस्थानकासमोरून जाते, तेव्हा तिचे आगमन दोन चौक आधी जाहीर होते आणि तिचे निर्गमन दोन चौक पुढपर्यंत रेंगाळते. गाडी गरजत येते, समोर काहीतरी आडवे आलेले दिसताच चालक एक्सलेटरवरून पाय उचलतो, आणि त्याच क्षणी पुढच्या जाळीआडून ‘प्श्शऽऽऽ’ असा एक दीर्घ, तुच्छतादर्शक फूत्कार बाहेर पडतो. चहाच्या गाड्यावरील इसम दचकून प्रथम आपल्या गॅसच्या टाकीकडे पाहतो. पंक्चरवाला मोठ्या आशेने उठून उभा राहतो आणि चारही चाके शाबूत पाहून खिन्न मनाने पुन्हा बसतो. रस्त्याच्या कडेने चाललेल्या काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या उस्मानाबादी शेळ्या, ज्यांनी जिल्ह्याचे नाव बदलले तरी आपले नाव बदललेले नाही, त्या कान न हलवता पुढे जातात. चालक मात्र काच खाली करून, कोपर बाहेर काढून, हा सर्व परिणाम आपल्या डोळ्यांनी तपासून घेतो.

या फूत्काराचे मूळ शोधू गेल्यास ते स्वित्झर्लंडात सापडते. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली टर्बोचार्जर, बोलीत ‘टर्बो’, अशा एका यंत्राचे पेटंट घेतले की ज्यात इंजिनाने धुरावाटे फुकट बाहेर टाकलेल्या ऊर्जेवर एक चक्र फिरवावे, त्या चक्राच्या दांड्यावर दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून पुन्हा त्याच इंजिनाच्या पोटात घालावी; जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची सोय, आणि जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद. वाया जाणाऱ्या वस्तूचा असा काटकसरीने विनियोग करण्याची कल्पना एखाद्या मारवाडी पेढीवर सुचली असती तरी शोभली असती. आरंभी हे यंत्र जहाजांच्या अजस्र डिझेल इंजिनांवर बसले; १९६२ साली अमेरिकेत ते प्रवासी मोटारीत आले; आणि आता ते शेतकऱ्याच्या घरासमोर उभ्या असलेल्या सामान्य गाडीतही मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेत, कोणाचेही लक्ष वेधून न घेता, आपले काम निमूटपणे करीत असते. या निमूटपणाचेच आमच्या तरुण पिढीस वैषम्य वाटते.

आता हा फूत्कार ज्यातून निघतो त्या व्हॉल्व्हची गरज का पडते, हे समजण्यासाठी तुळजापुरास जावे लागेल. नवरात्रातली दर्शनरांग डोळ्यांपुढे आणा. मागून हजारो भाविक ‘आई राजा उदो उदो’ करीत रेटा देत आहेत आणि पुढे गाभाऱ्याचा दरवाजा एकाएकी बंद झाला, तर काय होईल? रेटा थांबत नाही, वाट मात्र थांबते. पुढचे लोक दारावर आपटून मागे लोटले जातात, मागचे पुढे ढकलतात, आणि मंडपात उलटसुलट हेलकावे सुरू होतात. पेट्रोल इंजिनात चालकाने पाय उचलला की हवेच्या वाटेवरची झडप अशीच मिटते, टर्बोचे चक्र मात्र पूर्वीच्या वेगाने हवा लोटीतच असते, आणि कोंडलेली हवा उलटी फिरून चक्राच्या पात्यांवर आदळते. यावर शहाण्या कारखानदाराने योजलेला उपाय असा की, वाटेत एक बगलदार ठेवावे आणि दरवाजा मिटताच तेथून या भाविकांस गुपचूप वळवून रांगेच्या शेपटाशी पुन्हा आणून उभे करावे. कोणी बाहेर जात नाही, कोणी ओरडत नाही, बंदोबस्त चोख राहतो. बाजारात विकत मिळणारा व्हॉल्व्ह मात्र निराळ्या मताचा आहे. तो या मंडळीस सरळ महाद्वाराबाहेर रस्त्यावर काढून देतो, आणि सारा समुदाय एका दमात बाहेर पडताना जो गलका होतो, तोच आमचा ‘प्श्शऽऽऽ’.

यात एक हिशेबी घोटाळा आहे, आणि तो मोठा रसाळ आहे. अनेक गाड्यांत आत येणाऱ्या हवेची मोजदाद आरंभीच, रांगेच्या तोंडाशी होते, आणि तितक्या हवेला पुरेल इतक्या पेट्रोलची आज्ञा गाडीतला संगणक सोडून बसतो. हवा बाहेर घालवली गेली ही वर्दी त्या बिचाऱ्यास मिळतच नाही. पाहुणे परत गेले आणि महाप्रसाद मात्र सर्वांच्या नावाने शिजला, अशी अवस्था होते. इंजिन क्षणभर गुदमरते, अडखळते, मागच्या नळीतून काळसर धुराची एक ढेकर देते. म्हणजे ज्या हवेस दाबण्यासाठी खर्च केला ती वाऱ्यावर सोडली, तिच्यासाठी काढलेले पेट्रोल फुकट जाळले, आणि या दुहेरी नुकसानीची दवंडी पिटण्यासाठी रोख रक्कम मोजून वेगळे यंत्र बसवले. कारखान्यातून आलेला मूळ व्हॉल्व्ह शाबूत असताना या नव्या पाहुण्यामुळे सामान्य गाडीच्या ताकदीत एका अश्वशक्तीचीही भर पडत नाही, हे त्याची विक्री करणारेही खाजगीत कबूल करतात.

परंतु येथवरचा सारा विचार पेट्रोलच्या गाडीचा झाला, आणि धाराशिव जिल्ह्याचे मन डिझेलवर जडलेले आहे. २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आली तेव्हापासून भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत आठही तालुक्यांत पुढारी, ठेकेदार आणि त्या दोन्ही पदांचे उमेदवार यांनी तिला जवळ केले. डिझेल इंजिनाची रीत अशी की त्यात ताकदीचे नियमन इंधनाने होते. हवेचा दरवाजा मिटून गाडी आवरण्याचा तेथे प्रघातच नाही. दरवाजा मिटत नाही, म्हणून हवा कोंडत नाही. हवा कोंडत नाही, म्हणून तिला वाट करून देण्याचे कारण नाही. शास्त्राचा निकाल इतका स्वच्छ असताना आमच्या लोकांनी त्यावर अपील केले आणि ते जिंकले. डिझेलच्या गाडीसाठी असा संच मिळतो की एक्सलेटरच्या तारेवर विजेची कळ बसवावी, चालकाने पाय उचलला की त्या कळीने झडप उघडावी, आणि ज्या हवेची काही तक्रार नव्हती तिला बळेच बाहेर काढावे.

खर्चाच्या मानाने या शौकिनांतही जुन्या संस्थानी नोकरशाहीप्रमाणे पायऱ्या पडलेल्या आहेत. खरा व्हॉल्व्ह बसवणारा तो अव्वल तालुकदार. त्याच्या खालोखाल तो, ज्याने काही शे रुपयांत ॲल्युमिनियमची एक शिट्टी घेऊन सायलेन्सरच्या तोंडात स्क्रूने पक्की केली आहे. याच्या गाडीतला टर्बो धुराच्या वाऱ्यावर शीळ घालतो, आणि गाडीस मुळात टर्बो नसला तरी घालतो. या दुय्यम तालुकदाराची पंचाईत एवढीच की शीळ पाय दाबल्यावर येते, उचलल्यावर नव्हे, आणि जाणकार तेवढ्यावरून पायरी ओळखतात. सर्वांत खालचा तो, ज्याने व्हॉल्व्हही घेतला नाही, शिट्टीही घेतली नाही. बॉनेटखाली एक छोटा भोंगा लावला असून त्यातून व्हॉल्व्हचा ध्वनिमुद्रित फूत्कार सोडला जातो. याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ‘एम५’ या नामांकित गाडीतही इंजिनाचा नाद आतल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवण्याची सोय खुद्द कारखान्यानेच केली होती. जर्मनीत ज्यास अभियांत्रिकी म्हणतात, त्यास धाराशिवात चावटपणा का म्हणावे?

आमच्या शेजारच्या चिरंजीवांनी खऱ्या व्हॉल्व्हचा संस्कार आपल्या गाडीवर करवून घेतला, त्या वेळी साक्षीदार म्हणून मला गॅरेजात बोलावण्यात आले होते. सोलापूर रस्त्यालगत पत्र्याच्या शेडात, तुळजाभवानीच्या तसबिरीखाली, मिस्त्री बॉनेटमध्ये कमरेपर्यंत उतरलेले होते. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली वस्तू नवजात अर्भकास उचलावे तशी काळजीपूर्वक बाहेर काढली. ती मुठीएवढी, तांबड्या झळाळीची, डोक्यावर बारीक खाचांचे फिरते टोपण असलेली होती. इंजिनाच्या तेलकट, धुळकट, कष्टाळू अवयवांमध्ये तीच तेवढी लग्नास निघाल्यासारखी दिसत होती. जाड रबरी नळी कापून मधे जोड बसवताना मिस्त्रींनी क्लिपेचा स्क्रू आवळला, बोटाने नळी दाबून पाहिली, पुन्हा अर्धा फेरा आवळला, आणि मगच मान वर केली.

“ही क्लिप ढिली ऱ्हायली की संपलं, मालक,” ते मला म्हणाले. “हवा गळती, पिकअप जातंय, काळा धूर मारतीय गाडी. मग गिऱ्हाईक माझ्याच नावानं बोंबलतंय.”

“आणि नीट बसवल्यावर गाडी अधिक पळते का हो?” मी विचारले.

मिस्त्री शुद्ध व्यवसायाचे गृहस्थ होते. “पळत न्हाई,” ते म्हणाले, “वाजती.”

यानंतर आवाजाच्या जातीविषयी विचारविनिमय झाला. टोपण आवळून आतली स्प्रिंग कडक केली की ‘स्टु-स्टु-स्टु’ असा तुटक नाद निघतो, सैल सोडली की लांबलचक ‘प्श्शऽऽऽ’ येतो, असे दोन पक्ष आहेत आणि त्यांत सख्य नाही. चिरंजीवांनी दीर्घ पक्ष स्वीकारला. मिस्त्रींनी इंजिन चालू करून हाताने रेस केले. बारीकसा हिस्स आला. चिरंजीवांचा चेहरा उतरला. “काका, येऊ लालाय का आवाज रस्त्यापतोर?” त्यांनी मला विचारले. मी सत्यास जागून नकारार्थी मान हलवली. “उभ्या गाडीत येवढाच येतो,” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “लोडवर घ्या, मंग ऐका.”

गाडी लोडवर घेण्यात आली, आणि त्या फेरीत मला या विषयाचे मर्म उमगले. येडशीच्या दिशेने आम्ही सोलापूर-धुळे महामार्गास लागलो. चौपदरी, गुळगुळीत, सरळ रस्ता. चिरंजीवांचा पाय दाबलेला. गाडी उत्तम पळत होती आणि व्हॉल्व्ह मुका होता. मैल गेले, पण तो हूं की चूं करीना. ज्याच्यासाठी इतका खर्च झाला तो या राष्ट्रीय वेगात एक अक्षर बोलावयास तयार नाही, हे पाहून चालक अस्वस्थ होऊ लागला आणि अखेर विनाकारण पाय उचलून त्यास बोलते करू लागला. तेथून वळून आम्ही गावात शिरलो मात्र, आणि त्याच्या प्रतिभेस बहर आला. पहिला गतिरोधक, प्श्श. गतिरोधकानंतरचा खड्डा, प्श्श. दोन ट्रॉल्यांचा डोंगर ओढीत रस्ता व्यापून चाललेला उसाचा ट्रॅक्टर, प्श्श. मधोमध उभ्या राहून एकमेकींची विचारपूस करणाऱ्या शेळ्या, प्श्श, प्श्श. मला साक्षात्कार झाला की हा वेगाचा आवाज नव्हेच. गाडी पुढे जाते तेव्हा हे यंत्र गप्प असते. ती जाणार होती पण जाता आले नाही, हे जगास कळवण्यासाठी ते बोलते. हा पाय काढल्याचा आवाज आहे. ज्याला अडथळा नाही त्याला तो काढताच येणार नाही, आणि म्हणून युरोपातल्या निर्वेध मार्गांपेक्षा आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर तो शतपटीने शोभतो.

एकदा हे सूत्र हाती लागल्यावर सार्वजनिक जीवनातली पुष्कळशी कोडी मला सुटू लागली. ग्रामपंचायतीची किंवा साखर कारखान्याची निवडणूक लागते, तेव्हा जो शेवटपर्यंत लढतो त्याची वार्ता निकालाच्या दिवशी एका ओळीत संपते. परंतु ज्याने फटाके उडवून, हलगी लावून अर्ज दाखल केला आणि माघारीच्या दिवशी तिनाला पाच मिनिटे कमी असताना तो परत घेतला, त्याचा फूत्कार पाच वर्षे गावाच्या कानात घुमत राहतो. ‘आपण उभे राहिलो असतो तर,’ हे वाक्य ज्या चढत्या स्वरात उच्चारले जाते, तो स्वर या व्हॉल्व्हचाच होय. उलट दाबलेली हवा मुकाट्याने परत आत घेऊन पुढच्या कामास जुंपणारी माणसेही जिल्ह्यात उदंड आहेत. सोयाबीन पावसाने गेले तरी हरभऱ्यासाठी पुन्हा रान तयार करणारा शेतकरी आणि भल्या पहाटे चुलाणापुढे दूध आटवीत कढईत उलथणे फिरवणारा भूमचा खवा करणारा, हे कारखान्यातून आलेल्या मूळ व्हॉल्व्हच्या जातीचे. त्यांचा आवाज कधी कोणी ऐकलेला नाही.

जुन्या पिढीस फूत्काराचे वावडे होते असे मात्र कोणी समजू नये. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी येडशी आणि तेर या स्थानकांवरून धावत असे तेव्हा तिचे इंजिनही थांबल्यावर वाफ सोडीत असे, आणि गोरोबाकाकांच्या दर्शनास आलेले वारकरी तो आवाज कौतुकाने ऐकत. पण त्या इंजिनाजवळ खरोखरच वाफ जास्त झालेली असे, आणि ती न सोडल्यास बॉयलर फुटण्याचे भय असे. गरजेपोटी काढलेल्या आणि हौसेपोटी काढलेल्या आवाजातला हा भेद कायद्यानेही जाणला आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वये कारखानदाराच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करण्यास मनाई असून, २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाजाचे प्रमाण मोडल्यास कलम १९० अन्वये दंडाची मर्यादा १०,००० रुपयांपर्यंत जाते. राज्यातील कित्येक शहरांत पोलिसांनी बुलेटचे फटाके उडवणारे सायलेन्सर जप्त करून, रस्त्यावर ओळीने मांडून, त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे.

परंतु सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडता येतो. फूत्काराचे काय करावे? समजा एखाद्या कर्तव्यदक्ष अंमलदाराने पंचनामा करावयाचे मनावर घेतलेच, तर तो बहुधा असा होईल: “आम्ही खाली सही करणार पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो ऐसाजे की, सदर इसमाने आम्हां पंचांदेखत पाय उचलला असता वाहनातून आवाज नग एक बाहेर पडला. सबब तो ताब्यात घेण्याची तजवीज केली असता तो मिळून आला नाही. मुद्देमाल हवा असल्याने मोहोरबंद करता आला नाही. पुनश्च पाय उचलण्यास फर्मावले असता आरोपीने आनंदाने उचलला. पंचांपैकी एकाने आवाज आवडल्याचे व व्हॉल्व्हची किंमत विचारल्याचे पंचनाम्यात नमूद करू नये अशी विनंती केली, ती मान्य करण्यात आली.” निवासी वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सरकारने २००० सालीच घालून दिलेली आहे, परंतु हा गुन्हेगार निमिषमात्र प्रकट होऊन वातावरणात विलीन होत असल्याने, मोजयंत्राचे झाकण निघेपर्यंत तो आकाशतत्त्वास मिळालेला असतो.

कायद्याचे हात तोकडे पडतात तेथे उपदेशाचे पुढे येतात. म्हणून परवा, चिरंजीव गाडी पुसत उभे असताना, मी त्यांस ब्यूखीपासून बीएमडब्ल्यूपर्यंतचा सर्व इतिहास, दाबलेल्या हवेचा अपव्यय, डिझेल इंजिनाची निष्कारण केलेली अब्रुनुकसानी आणि कलम ५२ ही क्रमाने निवेदन केली. आणि शेवटी ठेवणीतला मुद्दा काढला की, बाबा रे, हा गाडी पळाल्याचा आवाज नसून पाय काढल्याचा आवाज आहे. पराक्रमाचा नव्हे, माघारीचा डंका आहे. तो तू गावभर पिटीत हिंडतोस याची तुला लाज कशी वाटत नाही?

चिरंजीवांनी सारे निवांत ऐकून घेतले. फडके पिळले, झटकले, बॉनेटवर पसरले. दिवसभरात जिल्हा परिषदेतल्या एका ठेक्याच्या, बँकेतल्या एका कर्जाच्या आणि घरातल्या एका सोयरिकीच्या कामात त्यांना ज्या ज्या ठिकाणी थांबावे लागले होते, त्यांची उजळणी त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर होऊन गेली असावी.

“पाय तर हितं जागोजाग काढावाच लागतो की, काका,” ते म्हणाले. “मग मुकाट कशाला काढायचा?”